तीन-चाळीसची एसटी आणि विद्यार्थी प्रतिनिधी

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. मी तालुक्याच्या एका कॉलेजात शिकवतो. कोणत्या ते विचारू नका, खान्देशात सगळे सगळ्यांचे पाहुणे निघतात. यंदा विद्यार्थी विकासाचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

पहिल्याच बैठकीत विषय निघाला अभ्यासिकेच्या वेळेचा. प्राचार्य म्हणाले, विद्यार्थी प्रतिनिधीला विचारा. प्रतिनिधी आली. हुशार पोरगी, वर्गात पहिली, घर कॉलेजच्या मागच्याच कॉलनीत. म्हणाली, "सर, रात्री नऊपर्यंत चालू ठेवा." ठराव मंजूर, चहा, समाप्त.

आता आमच्याकडची निम्मी पोरं सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येतात. त्यांची शेवटची गाडी दुपारी तीन-चाळीसला. रात्री नऊची अभ्यासिका त्यांच्या काय कामाची? उलट सकाळची पहिली गाडी त्यांना सव्वासातला आणून टाकते आणि तास सुरू होतात साडेदहाला. तीन तास ही पोरं स्टँडवर बसून असतात. त्यांना अभ्यासिका सकाळी साडेसातला उघडी हवी होती. हे मला कुठल्या समितीत कळलं नाही. स्टँडवरच्या चहावाल्याने सांगितलं.

आमच्या प्रतिनिधीला मी दोष देत नाही. तिला जे दिसतं ते ती बोलली. पण सोयी आणि नियम ठरवताना ज्यांना त्याची सगळ्यात जास्त झळ बसते ते खोलीत कधीच नसतात, हे मला खटकतंय. आदिवासी पोरं, तांड्यावरच्या मुली, दिव्यांग, घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. यांना कसं आणायचं? की आणायचंच नाही, आपणच जायचं? अनुभव असतील तर लिहा. "शासनाने करावं" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

---

कलमबहाद्दर

चांगला विषय. आधी कागदावर काय आहे ते टाकतो, कारण पुष्कळ सरांनाच ते माहीत नसतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. कलम ९९ मध्ये विद्यार्थी परिषद आहे. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, आणि अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या, इतर मागासवर्ग यांच्यातून आळीपाळीने एक प्रतिनिधी. म्हणजे यंदा जमातीची चिठ्ठी निघाली तर भटक्यांनी थांबायचं. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले एकोणसत्तर लोक अनुसूचित जमातीचे. तिथल्या कॉलेजलाही हीच आळीपाळी. असो.

खरी खुर्ची आहे कलम ९७ मध्ये, महाविद्यालय विकास समिती. अंदाजपत्रक, सोयीसुविधा, नवे अभ्यासक्रम, सगळं तिथून जातं. परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव तिचे सदस्य असतात आणि वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. पण परिषदच बसली नाही तर खुर्च्या रिकाम्या. १९९४च्या कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या, २०१६च्या कायद्याने दार उघडलं, आणि त्यानंतरही निवडणुका रखडतच राहिल्या.

तक्रार निवारणाचं बघा. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२३चे नियम आहेत. त्या समितीत विद्यार्थी असतो, पण "विशेष निमंत्रित" म्हणून, आणि तो निवडायचा गुणवत्ता, खेळ किंवा इतर उपक्रमांतली कामगिरी बघून. म्हणजे तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने बसणार कोण, तर ज्याला तक्रारीची वेळ सहसा येत नाही तो!

याला एक अपवाद आहे आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५च्या यूजीसी नियमांत अंतर्गत तक्रार समितीवर, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर, तीन विद्यार्थी घ्यायचे आहेत, आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून आलेले. एका समितीसाठी निवडणूक चालते, दुसरीसाठी मार्कशीट लागते. गंमत आहे.

---

टेबल_क्रमांक_तीन

मी कॉलेजच्या कार्यालयात आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. राग मानू नका.

आम्ही बोलावलं होतं. नोटीस लावली, हॉल उघडला, माईक लावला. प्राचार्य, उपप्राचार्य, सगळे स्टेजवर. शंभर-सव्वाशे पोरं आली. "काही अडचणी असतील तर मोकळेपणाने सांगा." एकही हात वर नाही. शेवटी एकाने उठून सांगितलं की कँटीनचा वडापाव महाग आहे. सगळे हसले आणि विषय संपला. नंतर त्याच पोरांनी बाहेर गटागटाने कुरकुर केली. मग आम्ही काय करायचं?

तक्रारपेटीही आहे. कोणी चिठ्ठी टाकत नाही.

---

तापीकाठ

@टेबल_क्रमांक_तीन, पेटी कुठे लावलीय?

---

टेबल_क्रमांक_तीन

प्राचार्यांच्या केबिनबाहेर. कॅमेऱ्याखाली. (लिहिताना माझ्याच लक्षात आलं.)

---

डोंगऱ्या

मी धडगावकडचा, पावरा आदिवासी. वसतिगृहात राहून बीए केलं, आता नोकरीला आहे. हॉलमधली शांतता मला चांगली माहीत आहे, मी तिच्यात बसलेलो आहे.

घरी आम्ही पावरी बोलतो. शाळेत मराठी शिकलो, पण सरांसमोर उभं राहून माईकवर मराठी बोलायची म्हणजे आधी मनात जुळवावी लागते. जुळेपर्यंत माईक पुढे जातो. त्यात एखादा शब्द चुकला तर मागच्या बाकावरून नक्कल होते. वडापाववाला बोलला कारण तो गावातलाच असणार. बरोबर ना?

आता खऱ्या अडचणी ऐका, ज्या मी तेव्हा बोललो नाही.

एक, होळी. आमच्याकडे होळीच्या आधीच्या आठवड्यात गावोगाव भोंगऱ्या बाजार भरतो. काठी गावची राजवाडी होळी तर बाहेरचे लोकही बघायला येतात. गुजरातला आणि ऊसतोडीला गेलेले आईबाप त्या दिवसांत घरी येतात. वर्षातून तेवढीच गाठ. आणि कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा, प्रात्यक्षिकं नेमकी त्याच आठवड्यात लावलेली असायची. पोरगा घरी जायचा, गैरहजर लागायचा, आणि सर म्हणायचे, "यांना शिक्षणाची आवडच नाही." गणपती-दिवाळीला कोणी परीक्षा ठेवतं का? आम्हाला विचारलं असतं तर आम्ही सुट्टी वाढवून मागितली नसती. तारीख आठ दिवस इकडेतिकडे करा, एवढंच म्हटलं असतं.

दोन, ओटीपी. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, सगळं मोबाईलवर. प्रवेशाच्या वेळी बापाचा नंबर दिलेला. बाप बारडोलीकडे उसाच्या फडात. ओटीपी तिकडे जातो. तो वाचता येणारा माणूस शोधतो, तोवर वेळ संपते. ज्याने ही पद्धत बसवली त्याला वाईट हेतू नव्हता. त्याच्या घरात प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, बस.

तीन, ईमेल. नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीच्या वेळी विद्यार्थी समाधानाचं सर्वेक्षण ईमेलवर येतं म्हणतात. आमचे ईमेल सायबरवाल्याने उघडून दिलेले. पासवर्ड त्यालाच माहीत. आमचं समाधान कोणी भरलं असेल देव जाणे.

म्हणून सर, "आणायचं की जायचं" याचं माझं उत्तर, जा. रात्री जेवणं झाल्यावर वसतिगृहात या. खुर्चीवर नको, सतरंजीवर बसा. पहिल्या दिवशी कोणी काही बोलणार नाही. दुसऱ्यांदा या.

---

केळीबाग_रावेर

+१००. ओटीपीचा मुद्दा आमच्या यावल-रावेरच्या तडवी आणि बारेला पोरांनाही जसाच्या तसा लागू.

---

आप्पा_धुळेकर

मना आंडोर बी शिकस कॉलेजमा. तीन वरीस व्हयनात, त्याले कधी कोनी इचारं नही का बापू तुले काय जोयजे. डोंगऱ्याभाऊनी बठ्ठं खरं सांगं. वाचीसन बरं वाटनं.

---

शिस्तप्रिय

सगळं ठीक, पण एक शंका. गुणवत्ता सोडून प्रतिनिधी निवडायला लागलो की राजकारण शिरतं. आमच्या काळात कॉलेज निवडणुकांत काठ्या निघायच्या, त्या बंद झाल्या ते बरंच झालं. शिवाय दरवेळी आदिवासी, भटके असंच का? माझ्या पुतण्याकडे दोन एकर कोरडवाहू कपाशी, बोंडअळीने खाल्ली, खुल्या प्रवर्गात असल्याने सवलत शून्य. त्याला कोण विचारतं?

---

डोंगऱ्या

तुमच्या पुतण्यालाही विचारा ना दादा. मी कुठे नको म्हटलं? सकाळच्या त्याच गाडीत तोही उभा असतो.

---

तांड्यावरची

चाळीसगावकडची आहे, बंजारा. हा धागा वाचून राहवलं नाही.

मला प्रतिनिधी केलं होतं. कशाची? ऐका. महिला प्रतिनिधी मी. मागासवर्गीयांची मी. एनएसएसकडून मी. तक्रार समितीत मी, आणि नॅकची टीम आली तेव्हा फुलं द्यायलाही मी. एक मुलगी मिळाली की कॉलेजचे सगळे रकाने भरतात. माझे तास बुडायचे. सर मंडळींना बैठकीचा भत्ता, आम्हाला समोसा. त्या वर्षी मी एका विषयात राहिले, आणि ज्या सरांनी बैठकीला बोलावलं त्यांनीच हजेरी कमी लावली.

आणि मी कोणाकोणाच्या वतीने बोलायचं? तांड्यावरच्या मुलीला पारधी मुलीच्या घरचं काय माहीत? भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी, सगळ्यांना "आदिवासी प्रतिनिधी" म्हणून एकच पोरगा पुरतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या पोरालाच विचारावं.

दुसरं, मुलींना वेगळं बसवून विचारा, आणि बाई माणसाने विचारा. आमच्या वसतिगृहातली सगळ्यात मोठी अडचण सॅनिटरी पॅडची होती. टाकायचे कुठे? जाळायची मशीन होती, उद्घाटन झालं होतं, फोटो होता. प्लग लावायला जवळ सॉकेटच नव्हता. हे हॉलमध्ये प्राचार्यांपुढे कोण बोलणार? शेवटी मेसमधल्या मावशींनी रेक्टर मॅडमना सांगितलं आणि एक्स्टेंशनची वायर आली. म्हणजे आमची खरी प्रतिनिधी मावशी!

२०२४पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. छान निर्णय. पण फी माफ झाली तरी राहायचं कुठे हा प्रश्न उरतोच. तो आमच्या बापांच्या डोक्यात पहिला असतो, शासनाच्या कागदावर शेवटचा.

---

कलमबहाद्दर

@तांड्यावरची, हजेरीचा मुद्दा लाखमोलाचा. कॉलेज आपल्या पातळीवर ठराव करू शकतं की समितीच्या बैठकीची वेळ हजेरीत धरावी. विद्यापीठाकडे जायची गरज नाही.

@डोंगऱ्या, अंतर्गत परीक्षेच्या तारखाही कॉलेजच्याच हातात असतात. विद्यापीठाच्या मुख्य परीक्षेचं वेळापत्रक वेगळं, ते परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडून येतं. पोरांना कोणतं दार कुठे उघडतं हेच कोणी सांगत नाही. सगळे थेट कुलगुरूंना निवेदन देतात, फोटो काढतात, आणि काम प्राचार्यांच्या टेबलावरचं असतं.

---

नाशिक_हायवे

वसतिगृहाचा विषय निघालाच आहे म्हणून. २०१८ला आदिवासी वसतिगृहांच्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरलं. त्या जुलैत पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती, आठवत असेल. मी तेव्हा त्यांच्या बाजूचा होतो, आजही आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या ओळखीतल्या काही पोरांना पैसेच हवे होते. ठेकेदाराच्या पाणीदार वरणाला ती कंटाळली होती. काहींना मेस हवी होती, कारण पैसे वेळेवर येत नाहीत आणि घरून मागणी येते. दोन्ही खरं. ठिकाण बघून वेगळं ठरवता आलं असतं. जिथे खोलीत स्वयंपाकाला मनाई आहे आणि जवळ खानावळ नाही, तिथे खात्यातले पैसे खाणार कसे? आधी विचारलं असतं तर हे बारकावे वर आले असते. निर्णय झाल्यावर विचारलं की उरतं फक्त हो किंवा नाही, आणि मग पोरांनी रस्त्यावर उतरून नाही म्हटलं.

---

पांढरी_काठी

मी पूर्ण अंध आहे. फोनवर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) लावून हा धागा ऐकतोय, त्यामुळे टायपिंग इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

दिव्यांगांचं नाव धाग्यात आलं, पण पुढे कोणी बोललं नाही. ते नेहमीचंच.

माझी सगळ्यात मोठी अडचण रॅम्पची नाही. लोकांना दिव्यांग म्हटलं की रॅम्पच आठवतो. माझी अडचण आहे नोटिशीचा फोटो. कॉलेज नोटीस टाईप करतं, प्रिंट काढतं, सही-शिक्का मारतं, मोबाईलवर फोटो काढतं आणि व्हॉट्सअॅपवर टाकतं. माझा फोन म्हणतो, "इमेज". संपलं. परीक्षेची तारीख, शिष्यवृत्तीची मुदत, लेखनिकाच्या अर्जाची शेवटची तारीख, सगळं "इमेज". टाईप केलेला मजकूर खाली चिकटवला तर काम होतं. एक पैसा खर्च नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आहेत, लेखनिक घेतला तर तासाला किमान वीस मिनिटं जादा आहेत. हे सगळं मला मिळालं. मिळालं नाही ते एवढंच, की नोटीस आली आहे हे कळणं.

वर्षभर मी हे सांगत होतो. ज्या क्लार्कने शेवटी बदल केला त्याला मी शेजारी बसवून माझा फोन ऐकवला. "इमेज, इमेज, इमेज." तो म्हणाला, अरे बाप रे. दुसऱ्या दिवसापासून मजकूर यायला लागला.

---

टेबल_क्रमांक_तीन

@पांढरी_काठी, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आजपासून मजकूरही जाईल. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, टेबल माझंच आहे.

---

शिस्तप्रिय

हे मात्र पटलं. माझी निवडणुकांबद्दलची शंका कायम आहे, पण इथे मांडलेल्या निम्म्या गोष्टींना निवडणूक लागतच नाही.

---

तांड्यावरची

लागत नाही असं कसं म्हणता काका? क्लार्क भला होता म्हणून झालं. उद्या त्याची बदली झाली की? खुर्ची हवीच. फक्त ती एकटीला देऊ नका आणि समोशावर देऊ नका.

---

तापीकाठ

चार दिवस धाग्यावर येता आलं नाही. इकडे थोडं घडलं, ते सांगतो.

डोंगऱ्याभाऊंचं ऐकून वसतिगृहात गेलो. पहिल्या रात्री सगळे "सर, सगळं चांगलं आहे" म्हणाले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मराठीच्या मॅडमही सोबत होत्या, त्या मुलींकडे गेल्या. या वेळी बोलले. पावरी बोलणारा तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा मध्ये बसला होता. धाकटी पोरं त्याच्याशी त्यांच्या बोलीत बोलायची, तो मला सांगायचा. बैठक लांबली खरी, पण पहिल्यांदाच पोरं एकमेकांचं खोडून काढत होती, हे मला महत्त्वाचं वाटलं. एकजण म्हणाला अभ्यासिका सकाळी हवी, दुसरा म्हणाला नको, आधी सकाळी पाणी सोडा.

मग सकाळच्या अभ्यासिकेचा विषय विकास समितीत परत नेला. आडवं काय आलं? किल्ली! शिपाई येतो साडेनऊला, त्याला सातला बोलावता येत नाही, आणि ग्रंथपाल म्हणतात पुस्तक गेलं तर माझ्या पगारातून. त्यांचंही चूक नाही. मार्ग असा काढलाय की ग्रंथालय बंदच राहील. शेजारचा वर्ग क्रमांक सहा उघडायचा, आणि किल्ली "कमवा व शिका"मधल्या दोन पोरांकडे, पहिल्या गाडीने येणाऱ्या. ते तास त्यांच्या मानधनात धरायचे. प्राचार्यांनी महिनाभर करून बघा म्हटलंय. रात्री नऊची वेळही राहील, कॉलनीतल्या पोरांचं काय घोडं मारलंय.

मानधन सहज निघालं असं समजू नका. एका सरांनी विचारलंच, "वर्ग उघडायचे पण पैसे?" मी म्हटलं, आपण परीक्षकाचं मानधन सोडतो का?

होळीच्या तारखांचं अजून अडलंय. वेळापत्रक करणाऱ्या सरांचं म्हणणं, प्रत्येक समाजाचे सण धरले तर परीक्षा घ्यायच्या कधी. मी त्यांना फक्त एका आठवड्याची हजेरी काढून दाखवणार आहे, गेल्या तीन वर्षांची.

पुढचं पाऊल म्हणून विकास समितीच्या आधी पोरांची वेगळी बैठक ठेवायचा विचार आहे. प्रत्येक मार्गावरच्या गाडीतून दोघं, एक मुलगा, एक मुलगी. जातीवर नाही, वर्गावर नाही, एसटीच्या मार्गावर. शिस्तप्रियांचा पुतण्याही त्यात येतो. आणि जे मागितलं त्याचं काय झालं, नाही झालं तर का नाही, हे पुढच्या बैठकीत आधी सांगायचं. वारही ठरवायचाय.

---

कलमबहाद्दर

मार्गाची कल्पना आवडली. पण वसतिगृहातले गाडीने येत नाहीत, त्यांचे दोघं-दोघं वेगळे धरा. आणि दिव्यांगांचा एक प्रतिनिधी मार्गावर सोडू नका, थेट घ्या. इतिवृत्त मराठीत लिहा आणि पोरांच्या सह्या घ्या. बैठक कागदावर नसली की ती झालीच नाही असं पुढचे प्राचार्य म्हणतील.

---

पांढरी_काठी

आणि इतिवृत्ताचा फोटो काढू नका :)

---

डोंगऱ्या

सर, बाजाराच्या दिवशी ठेवू नका. त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते. बाराच्या आत उरका. प्राचार्यांना यायचं असेल तर शेवटची पंधरा मिनिटं येऊ द्या, आधी नको. आणि दुसऱ्या वर्षाची पोरं घ्या, तिसऱ्याची नको. तिसऱ्या वर्षाचा एप्रिलमध्ये निघून जातो, मग उत्तर कोणाला देणार?

---

तापीकाठ

दुसऱ्या वर्षाचं पटलं. मग गुरुवार, सकाळी नऊ, वर्ग क्रमांक सहा. किल्ली पोरांकडेच असेल.